गाजराला फाटे फुटू नयेत म्हणून

ठाण्यातल्या बाल्कनीत गाजरांना फाटे फुटत होते, ते माती बदलल्यावर थांबले. मुळाच्या टोकाला खडा किंवा ढेकूळ लागलं की ते दुभंगतं. कच्च्या शेणखतानेही तेच होतं. आता १२ इंच खोल ग्रो बॅगेत (रोपं लावायच्या पिशवीत) चाळलेली माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं, वर थोडं जुनं गांडूळखत. पेरणी नोव्हेंबरात, ऑक्टोबरचा उष्मा ओसरल्यावर. ‘पुसा रुधिरा’ या लाल गाजराच्या वाणाचं बी जेमतेम १ सेंटिमीटर खोल पेरून वर ओलं गोणपाट. कोंब दिसताच ते काढायचंच, नाहीतर रोपं पिवळी, लांबुडकी होतात. रोपं बोटभर झाली की दर २ इंचांवर एकच ठेवा. उपटायला जीव होत नाही, पण उपटा. उपटलेली दुसरीकडे लावू नका, मूळ वाकतं. गाजराचं डोकं उघडं पडलं तर मातीने झाका, उन्हाने हिरवं होतं.