गेटवे बदलण्याआधी आर्पची तयारी

ऑफिसचा जुना राउटर काढून त्याच आयपीवर, समजा १९२.१६८.१.१ वर, नवा बसवायचा असेल तर केबली हलवायला वेळ लागत नाही. घोळ होतो तो आठवणींचा. लॅनवर, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर, फ्रेम (डेटाचे पाकीट) जाते ती मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यावर. गेटवेचा, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा, मॅक प्रत्येक यंत्राने आर्पने (आयपीवरून मॅक विचारण्याच्या पद्धतीने) आधीच विचारून आपल्या टेबलात ठेवलेला असतो. आयपी तोच राहिला तरी ती नोंद जुन्या राउटरकडेच बोट दाखवते.

म्हणून आदल्या दिवशी दोन्ही राउटरांचे लॅन बाजूचे मॅक कागदावर उतरवा. खोक्यावरच्या लेबलावर बऱ्याचदा वॅन (इंटरनेटच्या) बाजूचा मॅक असतो आणि दोघांत शेवटच्या एखाद्या अंकाचाच फरक असतो, तेव्हा लेबलावर विसंबू नका. नवा राउटर एकट्या लॅपटॉपला जोडा, एकदा पिंग करा आणि विंडोजवर ‘आर्प -ए’, लिनक्सवर ‘आयपी नेबर’ देऊन खरा मॅक वाचा. मॅक पाहून कनेक्शन देणारा इंटरनेटवाला असेल, तर नव्या राउटरचा वॅन मॅक त्याला आधीच कळवा.

मग हाताने आयपी दिलेली यंत्रे शोधा: प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचे मशीन. प्रत्येकाचा सबनेट मास्क, म्हणजे कोणते पत्ते आपल्याच लॅनवरचे हे ठरवणारा आकडा, स्वतः पाहा. ही पायरी टाळू नका. २५५.२५५.२५५.० च्या जागी २५५.२५५.०.० पडला असेल, तर त्या यंत्राला १९२.१६८.५.२० हा पत्ता आपल्याच लॅनवर वाटतो. ते गेटवेकडे न जाता थेट त्या पत्त्याचा मॅक विचारते. जुन्या राउटरवर प्रॉक्सी आर्प (दुसऱ्याच्या वतीने आर्पला उत्तर देण्याची सोय) चालू असेल तर तो मध्येच ‘मीच तो’ असे उत्तर देतो आणि चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते. नव्यावर ती सोय बंद असली की नेमके तेवढेच यंत्र अडते आणि दोष नव्या राउटरला लागतो. गेटवेची नोंद कुठे कायमची लिहून ठेवली आहे का, तेही पाहून घ्या. अशी नोंद आपणहून कधीच बदलत नाही.

मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग बदलता येतात असा) असेल तर राउटरच्या पोर्टवर पोर्ट सिक्युरिटी, म्हणजे ठरावीक मॅकनाच परवानगी, लावलेली आहे का ते तपासा. अनोळखी मॅक दिसताच पोर्ट बंद होऊ शकतो. डायनॅमिक आर्प इन्स्पेक्शन (खोटे आर्प अडवणारी तपासणी) चालू असेल तर तो पोर्ट ट्रस्टेड, म्हणजे भरवशाचा, करा, नाहीतर नव्या राउटरची उत्तरे स्विचच गिळतो.

प्रत्यक्ष वेळी आधी जुन्याची लॅन केबल काढा. नवा जोडण्यापूर्वी लिनक्स लॅपटॉपवरून ‘आर्पिंग -डी’ने तो पत्ता खरोखर रिकामा आहे का ते विचारा. पिंगपेक्षा हे भरवशाचे, कारण फायरवॉल पिंग अडवते, आर्पला मात्र उत्तर येते. कोणी उत्तर दिलेच तर त्याचा मॅक स्विचच्या टेबलात शोधा, पोर्ट सापडेल. वायरशार्क या नेटवर्कवरची वाहतूक दाखवणाऱ्या प्रोग्रामात आर्पच्या विचारणा सगळ्यांच्या दिसतात, कारण त्या बाराच्या बारा जागी एफ असलेल्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर जातात. उत्तर मात्र विचारणाऱ्यालाच मिळते, म्हणून दुसऱ्यांची उत्तरे पोर्ट मिररिंगशिवाय (एका पोर्टची वाहतूक दुसऱ्यावर उतरवल्याशिवाय) दिसत नाहीत.

नवा राउटर जोडला की तो बहुधा न विचारताच स्वतःचा पत्ता जाहीर करतो. याला ग्रॅच्युइटस आर्प म्हणतात. ते ऐकून बहुतेकांच्या नोंदी बदलतात. ते हुकले तरी आजचे विंडोज आणि लिनक्स साधारण मिनिटभरात नोंद पुन्हा तपासतात. भीती लेयर-३ (राउटिंगही करणाऱ्या) स्विचची: सिस्कोच्या आयओएसवर आर्पची मुदत मुळात चार तास असते. तिथली नोंद हातानेच पुसा. छोट्या यंत्रांना बंद-चालू करणे सगळ्यात सोपे.

इतके करूनही एखादे यंत्र बाहेर पोचत नसेल तर त्याचे आर्प टेबल वाचा. जुना मॅक दिसला तर प्रशासकाच्या अधिकाराने ‘आर्प -डी’ देऊन नोंद काढा. ‘इनकम्प्लीट’ दिसले तर विचारणा जाते आहे, उत्तर येत नाही: व्हीलॅन (स्विचवर पाडलेले लॅनचे वेगळे भाग), केबल आणि पोर्ट पाहा. नवा मॅक बरोबर असेल तर आर्पचे काम झाले आहे. अडचण राउटिंगमध्ये, नॅटमध्ये (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्यात) किंवा डीएनएसमध्ये (नावावरून आयपी शोधण्यात) शोधा.

जुना राउटर पुढे वायफायसाठी वापरायचा असेल, तर त्याचा आयपी बदलून आणि डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी देण्याची सोय) बंद करूनच तो पुन्हा लॅनला लावा.