घरातील लग्नरीतींचा पिढ्यांगणिक बदल कसा नोंदवावा

खानदेशातल्या आपल्या कुटुंबाच्या लग्नरीती नोंदवायच्या असतील, तर आरंभ घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीपासून करावा. तिला लग्नाचे साल विचारू नये. १९७२ च्या दुष्काळाआधी की नंतर, एवढे विचारले तरी उत्तर मिळते. त्यानंतर वऱ्हाड बैलगाडीने आले की ट्रकने, मांडव किती दिवस होता, हळदीची गाणी कोणी म्हटली, हे विचारावे. गाणी अहिराणीतच आणि सांगणारीच्या उच्चारांनुसार लिहावीत, कारण प्रमाण मराठीत ‘सुधारली’ की त्यांतील अर्धी माहिती नाहीशी होते.

वधूवरांच्या वयाची नोंद कायद्याशी ताडून पाहावी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तेराव्या वर्षी जळगावच्या सासरी आल्या, तेव्हा शारदा कायदा झालेला नव्हता. १९२९ च्या त्या कायद्याने मुलीचे किमान वय १४ ठरवले आणि १९७८ च्या दुरुस्तीने मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ वर्षे ही मर्यादा आली. मात्र कायदा झाला म्हणून गावात त्याच वर्षी रीत बदलली, असे गृहीत धरू नये.

सर्वांत नाजूक प्रश्न देण्याघेण्याचा. अनेक समाजांत पूर्वी वरपक्ष वधूपक्षाला देज, म्हणजे वधूमूल्य, देत असे, भिल्ल समाजात ही रीत विशेष परिचित आहे. पुढे काही घरांत हा ओघ उलटून हुंडा आला, जो १९६१ पासून गुन्हा आहे. हा प्रश्न शेवटी, एकांतात विचारावा आणि जुन्या लग्नपत्रिका मागून घ्याव्यात.