गुपी घराण्यात शिरण्याआधी कागद-पेन्सिल घ्या

‘गुपी मँ रूज’ बघायला बसाल तेव्हा हाताशी एक कोरा कागद ठेवा. फ्रेंच दिग्दर्शक जाक बेकेरचा हा १९४३ चा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा थोड्याच वेळात कोण कुणाचं तेच कळेना. घरात सगळेच गुपी! दुसऱ्या खेपेला नावं लिहीत गेलो आणि रहस्याची दोरी हातात आली.

या शेतकरी घराण्यात प्रत्येकाला टोपणनाव आहे, आणि ते नाव म्हणजे गावाने दिलेला दाखलाच. मे सू म्हणजे ‘माझे पैसे’: खाणावळ चालवणारा, मुठीतून दमडी न सुटणारा. तिझान म्हणजे काढा. पण ही बाई काढ्याहून कडू. ला ल्वा म्हणजे कायदा, कारण तो निवृत्त शिपाई. शंभरी ओलांडलेला म्हातारा तो सम्राट. टोंकिन हे फ्रेंचांच्या ताब्यातल्या इंडोचायनातल्या मुलखाचं नाव. तिथे नोकरी करून आलेला हा माणूस मनाने अजून परतलेलाच नाही. आणि पॅरिसहून येतो तो ‘मस्य’, म्हणजे साहेब. नावापुढे अर्थ लिहा, मग कोणाला काय हवंय तेही लिहा. पैसा, सोयरीक की जुना सूड? फुलाचं नाव मिळालेल्या म्यूगे या तरुणीभोवती दोन रेघा येतील, एक साहेबाकडून, एक टोंकिनकडून.

सुरुवातीची रात्र अजिबात चुकवू नका. साहेबाला स्टेशनवरून आणायला मँ रूज जातो, ‘लाल हातां’चा, घरापासून तुटून रानाकडेला राहणारा. अंधारात तो या शहरी पोराला मुद्दाम घाबरवतो. त्याच रात्री घरातून पैसे जातात, म्हातारा कोसळतो आणि तिझानचा खून होतो. इथे थांबून कागदावर लिहा: त्या वेळी कोण कुठे होतं?

खुनी ओळखायची घाई मात्र नको. खरी गंमत घरच्यांच्या वागण्यात आहे. घरातलं घरातच मिटवायचं, ही त्यांची रीत. भाऊबंदकी पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फ्रान्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. एकमेकांवर पाळत ठेवणारं हे घर बघताना मला ते विसरता आलं नाही.

शेवटाकडे झाडाचा एक प्रसंग आहे. तेव्हा पेन्सिल खाली ठेवा आणि फक्त टोंकिन झालेल्या रोबेर ल व्हिगाँकडे बघा.