सिलिकॉन व्हॅलीत मार्केटिंगच्या पदावर येणाऱ्या मराठी मंडळींसाठी

सिलिकॉन व्हॅलीत इंजिनिअर म्हणून येणाऱ्या मराठी माणसाला वाट दाखवणारे पुष्कळ जण भेटतात. मार्केटिंगच्या वरिष्ठ पदावर येणाऱ्याला तसे कोणी सहसा भेटत नाही, म्हणून सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मार्केटिंगमध्ये येथे बरीच वर्षे काम केल्यावर मला जे महत्त्वाचे वाटते ते लिहिते आहे. घर, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि वाहन परवाना यांबाबत कंपनीचा एचआर विभाग मार्गदर्शन करतोच. माझे मुख्य सांगणे असे की येथे कंपन्या वारंवार बदलतात, विकल्या जातात, काही बंदही पडतात. तुमची पत मात्र ज्या माणसांबरोबर काम केले त्यांच्याकडे राहते, आणि ती पहिल्या दिवसापासून जपावी लागते.

आधी व्हिसाविषयी. एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसाकरिता पदाचे काम आणि पदवीचा विषय यांचा थेट संबंध दाखवावा लागतो. इंजिनिअरच्या बाबतीत तो उघड असतो, मार्केटिंगच्या बाबतीत तो नीट मांडावा लागतो. त्यामुळे कामाचे वर्णन कंपनीच्या वकिलाबरोबर बसून वाचून घ्यावे. नोकरी गेल्यास दुसरी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. या व्हिसावर ओळखीच्या स्टार्टअपला पैसे घेऊन सल्ला देण्याची परवानगी नसते, मग काम कितीही लहान असो. पगाराबाबत कॅलिफोर्नियाचा कायदा तुमच्या बाजूचा आहे: आधीचा पगार किती होता हे कंपनीने विचारायचे नसते, आणि १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला नोकरीच्या जाहिरातीत पगाराची किमान-कमाल मर्यादा द्यावी लागते.

हे इंजिनिअरांचे गाव असले तरी मार्केटिंग येथे दुय्यम नाही. रेजिस मॅकेना यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या मार्केटिंग संस्थेने इंटेल आणि अॅपल या कंपन्यांना त्यांच्या सुरुवातीच्या काळात लोकांपुढे आणले. अॅपलचे चावलेल्या सफरचंदाचे चिन्हही त्याच संस्थेतील रॉब जॅनॉफ यांनी १९७७ मध्ये तयार केले. पुढे १९९१ मध्ये इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम सुरू केली आणि संगणकाच्या पोटातली, डोळ्यांना कधीच न दिसणारी चिप ग्राहक नाव घेऊन मागू लागला. तुमच्याकडून अपेक्षा याच प्रतीची असते. भारतातील कार्यालयात अनेकदा ठरलेली मोहीम वेळेवर पार पाडणे हे आपले काम असते. येथे उत्पादन कोणासाठी आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणासाठी नाही, हे तुम्ही ठरवून बैठकीत सर्वांसमोर मांडायचे असते. वरिष्ठांसमोर मान राखून गप्प बसण्याची आपली सवय येथे मत नसल्याचे लक्षण मानली जाते.

पहिल्या तिमाहीत नव्या घोषवाक्याच्या मागे लागू नका. सेल्सच्या लोकांबरोबर ग्राहकांचे कॉल ऐका, सौदा हातचा गेला त्या ग्राहकांशीही बोला, आणि त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. वेबसाइटवरचा उत्तम मजकूर मला नेहमी त्या वहीतच सापडला आहे. ग्राहक कंपनीचे बोधचिन्ह सादरीकरणात वापरण्यापूर्वी लेखी परवानगी घ्या. तोंडी होकारावर विसंबून छापलेले साहित्य मागे घ्यावे लागले की संबंधही दुखावतात. अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ जानेवारीला संपते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत भारतात यायचे असेल तर आधीच बोलून ठेवा.

ईमेल मोहिमांबाबत विशेष सावध राहा. व्यावसायिक ईमेलसंबंधीचा २००३ चा संघीय कायदा कंपन्यांना पाठवलेल्या ईमेललाही लागू आहे: ईमेलमध्ये टपालाचा खरा पत्ता हवा आणि नको म्हणणाऱ्याचे नाव कामकाजाच्या १० दिवसांत वगळायला हवे. कॅलिफोर्नियाचा गोपनीयता कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि व्यावसायिक संपर्कांच्या माहितीला त्यातून मिळालेली बरीचशी सूट १ जानेवारी २०२३ रोजी संपली. ईमेल पत्त्यांच्या याद्या विकत घेण्याची सवय असेल तर ती भारतातच सोडून या.

आता स्थानिक उद्योगजगताविषयी. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई करणारे करार कॅलिफोर्नियात १८७२ पासून, मोजके अपवाद वगळता, निरर्थक मानले जातात. त्यामुळे आजचा प्रतिस्पर्धी उद्या तुमचा सहकारी किंवा गुंतवणूकदार असू शकतो, आणि त्याच्या उत्पादनाविषयी तुम्ही काय बोललात हे लोकांच्या लक्षात राहते. जुन्या कंपनीची कागदपत्रे आणि याद्या मात्र कधीही बरोबर नेऊ नयेत. तेथे कायदा कडक आहे.

‘टाय’ ही उद्योजकांची संस्था १९९२ मध्ये येथेच सुरू झाली. तिचे पहिले अध्यक्ष सुहास पाटील. सिरस लॉजिक ही चिप कंपनी त्यांनीच स्थापन केली. ‘टाय’मध्ये काम मागण्यासाठी जाऊ नका. एखाद्या नव्या उद्योजकाचे सादरीकरण तपासून द्या, दोन ओळखी करून द्या, आणि वर्षभर हे मनापासून करत राहा. त्याबरोबरच आपल्या शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या बैठकांनाही जावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण तेथे दंतवैद्य, हिशेबनीस, उपाहारगृहाचे मालक भेटतात आणि आपले सॉफ्टवेअर त्यांना साध्या शब्दांत सांगता येते का, हे लगेच कळते. लहान उद्योगांना विनामूल्य सल्ला देणाऱ्या ‘स्कोअर’ या संस्थेत अनुभवी लोक स्वयंसेवक म्हणून काम करतात. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारून त्यात सामील व्हा.

कामाबाहेरचे आयुष्य उभारायला उशीर करू नका. माउंटन व्ह्यूचे संगणक इतिहास संग्रहालय आपल्या धंद्यातल्या माणसाने सावकाश पाहावे असे आहे. सह्याद्रीत भटकण्याची आवड असेल तर फ्रीमाँटचे मिशन पीक आहे. वाटेवर सावली फार थोडी असल्याने उन्हाळ्यात पहाटेच निघावे. महाराष्ट्र मंडळ बे एरियाचे सभासद व्हा, मुलांना मराठी शाळेत घाला. नाटकाची आवड असेल तर तालमींना जरूर जा, मला येथले सर्वांत जिवाभावाचे मित्र तालमींतच मिळाले. फक्त तिमाहीच्या अखेरच्या आठवड्यांत प्रयोग असेल तर भूमिका घेऊ नका, पडद्यामागचे काम घ्या. त्या दिवसांत वेळ पाळणे आपल्या हाती नसते आणि बाकीच्या कलाकारांचा खोळंबा होतो.