फोल्डिंग साइट घ्यायचीय? आधी व्हर्नियर काढा

पीसीपी एअर रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) घ्यायची, मग तिला चेसिस लाव, रेल (वर सामान बसवायची पट्टी) लाव, बायपॉड लाव, असं करत करत आपल्या हिशोबाने गन बनवायचं वेड जळगाव-भुसावळकडे पण बऱ्यापैकी पसरलंय, आणि वरणगावला गोळ्यांची फॅक्टरी असल्यामुळे इकडे प्रत्येक जण जन्मजात एक्स्पर्ट आहेच. पण बॅकअप साइटचा, म्हणजे नेम धरायच्या घडीच्या फोल्डिंग साइटचा विषय आला की सगळे फोटो बघून ऑर्डर करतात. भारी दिसतं म्हणून. मग पार्सल येतं, साइट बसते, आणि नेम धरायला गेलं की डोळा कुठे आणि माशी (पुढची साइट) कुठे.

मुळात या फोल्डिंग साइट आल्या एआर-१५, एम-४ टाइपच्या रायफलींसाठी. वर रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी बॅटरीवरची साइट) असतो, बॅटरी गेली किंवा काच फुटली तर खाली झोपवलेली साइट उभी करायची आणि काम चालू ठेवायचं. त्या रायफली आपल्याला सिव्हिलियनला मिळत नाहीत, आपलं सगळं एअर रायफलवरच. म्हणून त्या साइटचं माप आपल्या गनला जमेलच असं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

या साइट उभ्या केल्यावर रेलच्या वरून साधारण ३६ मिमी उंचीवर नजर जाते. एआरचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असतो म्हणून तिथे ते बरोबर बसतं. तुमचा दस्ता जुन्या पद्धतीचा, खाली उतरणारा लाकडी असेल तर गाल टेकवून एवढ्या उंचीवरून बघताच येत नाही, हनुवटी टेकवून मान उंच करावी लागते आणि मग दर वेळी डोळा वेगळ्या जागी. म्हणून आधी हे करा: गन रिकामी आहे ना ते बघा, डोळे मिटा, नेहमीसारखा गाल टेकवा, डोळे उघडा, तसेच थांबा आणि दुसऱ्या कोणाला तरी रेलच्या वरपासून बुबुळापर्यंत व्हर्नियरने किंवा साध्या पट्टीने बाजूनेच माप घ्यायला सांगा. ३६ च्या आसपास आलं तर घ्या. २०-२२ आलं तर एकतर गालाखालची पट्टी वर होणारा दस्ता बघा नाहीतर कमी उंचीची साइट शोधा, मन मारून घेऊ नका.

उलटी गोष्ट पण आहे. बऱ्याच पीसीपीचं गोल मॅगझिन रेलच्या वर डोकं काढून असतं, आणि बुटकी साइट लावली की समोर माशीऐवजी मॅगझिनच दिसतं. तिथे हीच उंच साइट कामाला येते. म्हणून मॅगझिन लावूनच माप घ्या भाऊ, रिकाम्या रिसीव्हरवर (नळीमागचा मधला भाग) नाही.

दुसरं, पुढची साइट कशावर बसणार? मागची रिसीव्हरच्या रेलवर बसते, पण पुढे वरच्या बाजूला रेल असतेच असं नाही. मग लोक नळीवर क्लॅम्पची रेल लावतात आणि ती मागच्यापेक्षा आठ-दहा मिमी खाली बसते. एवढा फरक माशी फिरवून भरून निघत नाही, तिची वरखाली जायची हद्दच थोडी. दोन्ही रेल एका लेव्हलला आहेत का ते वर सरळ पट्टी ठेवून बघा. आणि क्लॅम्प नळीवर नसून बाहेरच्या श्राउडवर (नळीवरचं नळकांडं) असेल आणि तो श्राउड हाताने दाबला की हलत असेल, तर विषय तिथेच सोडा.

काही जण सोपं म्हणून दोन्ही साइट रिसीव्हरच्याच रेलवर लावतात. दिसायला नीट, पण अंतर कमी झालं की चूक वाढते. दोन्ही साइटमध्ये ४०० मिमी अंतर असेल आणि मागची ०.१ मिमी हलली तर २० मीटरवर पेलेट ५ मिमी सरकतो, अंतर २०० मिमी असेल तर तेवढ्याच हलण्याला १० मिमी. आणि स्वस्तातल्या एअरसॉफ्ट (खेळण्यातल्या गनच्या) कॉप्या एवढ्या तर हलतातच. साइट उभी करा, बोटाने डावी-उजवी ढकला, टकटक आवाज आला की परत करा.

प्लास्टिक की मेटल? फायरआर्मवर (दारूच्या बंदुकीवर) गरम होणाऱ्या भागाजवळ प्लास्टिक नको म्हणतात, ते बरोबर आहे, पण एअर रायफलची नळी तापत नाही, त्यामुळे चांगलं पॉलिमर चालतं. मॅगपुल कंपनीची एमबीयूएस ही फोल्डिंग साइट पॉलिमरचीच आहे. फक्त मे महिन्यात ४५ डिग्रीला काचा लावलेल्या गाडीत गन ठेवायची नाही, साइटसाठीही नाही आणि भरलेल्या सिलिंडरसाठी तर अजिबात नाही. स्प्रिंगवाली गन असेल तर मात्र मेटलच, कारण तिचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो. त्यातून रेल ११ मिमीची डव्हटेल (आडव्या खाचा नसलेली) असेल तर ॲडॉप्टर हळूहळू मागे सरकतो, म्हणून स्टॉप पिनवाला घ्या. पिकॅटिनी रेलला आडव्या खाचा असतात, तिथे हा त्रास नाही.

वर मोठा झूमवाला स्कोप (दुर्बीण) असेल तर खालची साइट त्यातून दिसणार नाही, हे विसरू नका. स्कोप पटकन निघेल असा क्विक रिलीज माउंट हवा किंवा ४५ अंशाची तिरकी साइट. रेड डॉटला ही भानगड नाही. आणि स्कोप, रेड डॉट काहीच लावणार नसाल तर फोल्डिंगच्या नादी लागूच नका, बिजागरी नसलेली फिक्स साइट कधीही बरी.

मागच्या साइटला दोन भोकं असतील तर उत्तम. बारीक भोक निवांत पेपर टार्गेटला, मोठं संध्याकाळच्या कमी उजेडात. चाळिशी लागलेल्यांना बारीक भोकातून माशी बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. एनसीसीत ०.२२ चालवलेल्या पोरांना हे सांगायला नको.

झिरो करताना (नेम धरला तिथेच पेलेट लागेल असं जमवताना) गोंधळ एवढाच होतो: मागची साइट जिकडे सरकवाल तिकडे पेलेट जातो, माशी मात्र उलटी. पेलेट खाली लागतोय? माशी खाली करा. आधी १० मीटरला जमवा, मग २०-२५ ला. झालं की स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) आणि कडेला नेलपॉलिशची एक बारीक रेघ, म्हणजे काही सरकलं तर लगेच कळतं.

हो, आणि केळीत डुकरं येतात म्हणून हे करायचं डोक्यात असेल तर नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, एअर रायफलने डुक्कर मरत पण नाही, जखमी होऊन फिरतं. लायसन्स नको असेल तर ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतच राहा, आणि पेपर टार्गेटच्या मागे पेलेट अडवणारी पेटी हवीच.