ओळ हलते तेव्हा
मी लालबागला राहते, प्रुफं तपासते. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारामुळे माझे डोळे सारखे बारीक थरथरतात आणि छापलेली ओळ तोरणासारखी लवलवते. निदान व्हायच्या आधी दोनदा चष्मा बदलला. पैसे गेले, ओळ हलायची ती हलतच राहिली.

म्हणून आधी, हलतं कधी ते पकडा. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर खुर्ची टाकून आजची तारीख बघा. एकदा मान स्थिर ठेवून, एकदा 'नाही' म्हणताना हलवतो तशी हलवून. बसल्या जागी तारीख हलली तर माझ्यासारखी थरथर असू शकते. नुसती मान हलवताना किंवा चालताना हलली तर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा तपासावी लागते. दोन्हींचे उपाय वेगळे. अंगठ्यावर नजर रोखून मान हलवायचा व्यायाम शेजारणीला लागू पडला म्हणून तुम्हालाही पडेल असं नाही. डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टला दाखवा. गॅबापेन्टिन, मेमँटिन या औषधांनी काहींची थरथर कमी होते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

माझा खरा आधार मात्र नजरेचा कोपरा. बऱ्याच जणांची थरथर एका दिशेला बघताना कमी होते. बोट हातभर लांब धरून डावीकडून उजवीकडे सावकाश न्या आणि नखाची कड कुठे स्वच्छ दिसते ते बघा. माझी उजवीकडे दिसते, म्हणून मी हनुवटी डाव्या खांद्याकडे वळवून वाचते. ऑफिसातल्या नव्या मुलाला महिनाभर वाटत होतं, बाई आपल्याकडे संशयाने बघतात! शेवटी टेबलच फिरवून घेतलं, प्रुफं उजव्या हाताला आली. वर काळा पुठ्ठा, त्यात एका ओळीएवढी खाच. शेजारच्या ओळी मग मध्ये शिरत नाहीत. 'घ' आणि 'ध' अजून फसवतात, पण ते सगळ्यांनाच.

करी रोड ते भायखळा दोनच स्टेशनं, पण शेजारून फास्ट लोकल गेली की पोटात ढवळतं. तिच्या खिडक्यांकडे बघू नका, डोक्यावरच्या डुलणाऱ्या कड्यांकडेही नको. खांब मुठीत घट्ट धरा. हाताला हेलकावा कळला की डोळ्यांवरचा भार उतरतो. पुलाच्या जिन्यावर कठडा सोडू नका, मागचे काय बोलतात ते बोलू देत.

अंग तापलं की एमएसमध्ये नजर आणखी बिघडते. श्रमांनंतर नजर अशी तात्पुरती मंदावते, हे ऊटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1890 मध्येच नोंदवलंय. ऑक्टोबरात मी मानेवर ओला रुमाल ठेवते, गार पाणी पिते, सावलीत बसते. थोड्या वेळाने ओळ पूर्वीइतकी तरी होते.

पण सगळं अचानक हलायला लागलं, जोडीला जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले किंवा एका बाजूची ताकद गेली, तर रुमाल-बिमाल बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.

गणपतीत धावत्या लायटिंगपुढे मात्र माझं काही चालत नाही. ते दहा दिवस मी मागच्या गल्लीने घरी येते.