मोर्चासाठी गाणे बांधताना

मोर्चातले गाणे शाहिरापेक्षा झीलकऱ्यांसाठी, म्हणजे त्याच्या मागून ओळ उचलून धरणाऱ्यांसाठी, लिहायचे असते, म्हणून आधी पालुपद तयार करावे. मागणी नेमकी कोणती आणि ती कोणाकडे करायची आहे, हे त्या एका ओळीत यावे. ती एकदा ऐकून शेवटच्या रांगेतल्या माणसाला म्हणता आली नाही, तर बदलावी.

चाल नवी शोधण्याचा हट्ट धरू नये. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या चळवळीच्या जलशांनी, म्हणजे गाण्या-संवादांच्या कार्यक्रमांनी, लोकांच्या ओळखीचा तमाशाचा साचा घेऊन त्यात प्रबोधनाचा आशय भरला. ओवी, भजन, पोवाडा यांपैकी आपल्या लोकांच्या कानावर बसलेली चाल निवडावी, मात्र ती चालता चालता म्हणून पाहावी. केरवा तालाच्या आठ मात्रा पावलांशी सहज जुळतात. सहा मात्रांच्या दादऱ्यात पाय अडखळतात.

वाद्यांत हलगी सर्वांत उपयोगी, कारण तिचा आवाज लक्ष्मी रस्त्याच्या गोंगाटातही लांबवर पोहोचतो. पावसाळ्यात कातडे सैल पडते, तेव्हा ती शेकून घ्यावी आणि वाटेत झाकून न्यावी. तुणतुणे सभेसाठी राखून ठेवावे.

जिल्हाधिकारी कार्यालयासमोर लोक बसले, की लांब कडव्यांची वेळ येते. येथे आकडे आणि घोषणा यांची रास रचण्याऐवजी एका माणसाची हकिकत सांगावी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड (लावणीच्या वळणाचे शाहिरी गाणे) याचा उत्तम धडा आहे: पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाच्या विरहातून ती बेळगाव-कारवारच्या प्रश्नापर्यंत पोहोचते. (आजचे बरेच कवी थेट प्रश्नापासून सुरुवात करतात आणि श्रोता तिथेच गमावतात, असे माझे मत आहे.) अधिकाऱ्यांवर टीका जरूर करावी; पण आरोप कागदोपत्री दाखवता येईल तेवढाच करावा, कारण यमकासाठी घुसडलेला एक खोटा शब्द साऱ्या मागणीवर शंका आणतो.

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून आधीच घ्यावी. रात्री दहानंतर उघड्यावर तो सहसा लावता येत नाही, म्हणून धरणे रात्रभर चालणार असेल तर दोन-तीन गाणी नुसत्या आवाजावर बसवावीत. निवेदनाला उत्तर मिळाले, की शेवटचे कडवे त्याच दिवशी बदलावे.